दर्पतुळशीच्या वासावर पाच दिवस

पहिला दिवस : पुणे – कोल्हापूर – अणुस्कुरा – राजापूर

आत्याचा फोन आला तेव्हा तुळशीची लग्नं लागून आठवडा झाला होता. "गोठा पाडतोय रे आता. माळ्यावर तुझं काही असेल तर येऊन घेऊन जा. मागाहून म्हणशील, सांगितलं नाहीस." माळ्यावर माझं काय असणार! लहानपणी मे महिन्यात आम्ही दहा-बारा पोरं तिथे झोपायचो, तेवढाच काय तो त्या गोठ्याशी संबंध. पण फोन ठेवला आणि नाकात एक वास आला. शेणाचाही नव्हे आणि गवताचाही नव्हे. आत्या खाटांखाली कसल्याशा वाळक्या झुडपाच्या जुड्या सरकवून ठेवायची, त्यांचा. कापूर, ओवा आणि ओलं बोकड एका डब्यात कोंबून झाकण लावावं, तसा काहीसा.

त्या झुडपाचं नाव काय हे मी कधी विचारलंच नव्हतं. गेल्या वर्षी एका डोंगरवाटेवर तोच वास आला म्हणून बरोबरच्यांना विचारलं, तर चौघांनी चार नावं सांगितली. एकाने तर छातीठोकपणे गांजा म्हणून सांगितलं. त्यामुळे या खेपेला सोबत सुमाताईला घ्यायचं ठरवलं. ही माझी आतेबहीण, आत्याची थोरली. कोल्हापुरात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. "आईकडे दोन दिवस आणि मग तसेच पुढे गोव्यापर्यंत," हा बेत तिचाच.

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं, दहाच्या सुमाराला कोल्हापूर. ताई फाटकातच उभी होती. एक छोटी बॅग, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग आणि बगलेत रद्दीचा गठ्ठा. मिसळ खाल्ल्याशिवाय ती गाव सोडत नाही, त्यात पाऊण तास गेला. मलकापूरवरून अणुस्कुरा घाटाला लागलो. घाट उतरताना दोन्ही अंगांना पांढुरक्या-जांभळट फुलांचे गुच्छ नुसते उसळले होते.

"रानमोडी," ताई म्हणाली. "रान मोडते म्हणून रानमोडी. मूळची अमेरिकेतली. आपल्या लोकांनी एका शब्दात तिचा सगळा स्वभाव सांगितला. आणि शास्त्रीय नाव काय, तर क्रोमोलीना ओडोराटा. ओडोराटा म्हणजे सुवासिक."

मी काच खाली करून एक पान चुरगाळलं. सुवासिक वगैरे काही वाटलं नाही.

"तुझ्या नाकाला विचारून नाव ठेवलेलं नाही ते," ती म्हणाली.

पाचल, ओणी करत राजापूरच्या अलीकडे आमच्या वाडीवर पोचेपर्यंत चार वाजले. आत्या आता ब्याऐंशीची आहे. कमरेत वाकली असली तरी आवाज तोच. "नंद्या, वाळलास रे मेल्या." अंगणात वृंदावनापाशी लग्नाचे ऊस अजून बांधलेलेच होते, पाती सुकून करकरत होती. खाली चिंच-आवळे पडलेले. आणि गडग्याच्या पलीकडे, वृंदावनापासून वीसेक पावलांवर, माणूसभर उंचीचं ते झुडूप दाटीने उभं होतं. वारा आला आणि माळ्यावरचा मे महिना जसाच्या तसा अंगावर आला.

"ती होय? दर्पतुळस," आत्या म्हणाली. "ढेकणांवर रामबाण. तुम्ही पोरं तिच्यावर तर निजायचात."

रात्री आमटीला हिंगाची फोडणी पडली तेव्हा ताईने भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. "हा वास कसा आहे?" मी म्हटलं, उत्तम. "लक्षात ठेव. उद्या सांगते."

दुसरा दिवस : सडा

सकाळी चहा झाल्यावर दोघं सड्यावर गेलो. राजापूरच्या आसपासचा सडा ज्यांनी पावसाळ्यानंतर पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगतो, की जांभ्या दगडाचं हे मैलोन्‌मैल पसरलेलं पठार श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरतं आणि दिवाळी सरली की गवत सोन्यासारखं पिवळं पडून वाऱ्यावर एका बाजूला लोळतं. मधून मधून काळा उघडा कातळ. त्याच कातळावर कोरलेली चित्रं आहेत, कातळशिल्पं. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस आहे. देवाचे गोठणेच्या शिल्पावर होकायंत्र ठेवलं तर काटा भलतीकडे वळतो. मी खिशातून नेलेल्या होकायंत्राचाही वळला. २०२२ साली कोकणातली अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं आणि एक गोव्यातलं. यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, इथे ते नको. पण एक गोष्ट आमच्या कामाची होती. शिल्पांच्या आसपास, उघड्या कातळावर, दर्पतुळशीचं एकही झाड दिसलं नाही.

ती सुरू झाली रस्ता लागल्यावर. डांबराच्या कडेला टाकलेली माती, खांबासाठी खणलेले खड्डे, आणि सगळ्यात जास्त चिरेखाणीभोवती. खाणीच्या तोंडाशी काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांवर ती इतकी माजली होती, की आत काम चालू आहे हे चिरे कापायच्या यंत्राच्या आवाजावरूनच कळावं. तिथला कामगार विजापूरकडचा होता. त्याला झाडाचं नाव विचारलं तर तो "तुळसी" म्हणाला, मग स्वतःच हसून मान हलवत म्हणाला, "पूजेचं नाय." जिथे माणूस जमीन उकरतो तिथे ही येते. गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे आजूबाजूचं सगळं चरून झालं तरी ही शाबूत राहते.

ताईने रस्त्याकडेला बसकण मारली आणि एक फांदी मोडून माझ्या हातात दिली. "खोड फिरवून बघ." चौकोनी लागलं. तुळशीचं असतं तसंच, कारण कूळ एकच, लॅमिएसी. पुदिना, सब्जा, ओव्याच्या वासाचं पानओवा, सगळी याच कुळातली. पानं हृदयाच्या आकाराकडे झुकणारी, दोन्ही अंगांनी लवदार, कडा बारीक करवतीसारख्या. पानांच्या बगलेत निळसर-जांभळ्या फुलांचे झुबके. फूल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं, भिंगाशिवाय त्यात काही बघण्यासारखं आहे असं वाटणार नाही.

"आता श्वास रोखून बघ." तिने गवताचं एक कुसळ उपटलं. भिंगाखाली फुलाचा खालचा ओठ दिसत होता. त्याच्या मधल्या पाकळीचा होडीसारखा खोलगट द्रोण झालेला, आणि त्या द्रोणात चार पुंकेसर दाबून धरलेले, उंदराच्या सापळ्यातली तार ताणलेली असते तसे. तिने कुसळाचं टोक द्रोणाच्या कडेला टेकवलं मात्र, टिच्चकन द्रोण खाली उलटला, केसर वर उसळले आणि भिंगात धुळीचा एक फुरका उडालेला दिसला. मी दचकलो. मग आम्ही दोघं तासभर लहान पोरांसारखी फुलं उडवत बसलो. एक फूल एकदाच उडतं. नंतर कितीही टोचा, ते लुळं. ज्या माशीने धक्का दिला तिच्या पोटाला पराग फासला जातो आणि ती पुढच्या फुलावर जाते.

या उलटण्यावरूनच या झाडाचं जुनं नाव पडलं होतं : हिप्टिस. ग्रीक शब्दात उताणं, मागे वळलेलं असा अर्थ आहे. आमच्या ताईच्या पिढीने हिप्टिस सुआवेओलेन्स हेच नाव शिकलं आणि शिकवलं. खरं तर नावाची गाडी तीन स्टेशनं बदलून आली आहे. १७५९ साली लिनियसने, म्हणजे झाडांना दोन शब्दी लॅटिन नावं द्यायची पद्धत रुळवणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, हिला बॅलोटा सुआवेओलेन्स म्हटलं. १८०६ मध्ये प्वातो नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने हिप्टिसमध्ये आणलं. १८९१ मध्ये कुंट्झे नावाच्या जर्मन वनस्पतितज्ज्ञाने मेसोस्फेरममध्ये टाकलं, ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २०१२ साली हिप्टिसचं भलंमोठं घराणं फोडून वाटण्या झाल्या तेव्हा कुंट्झेचं नाव पुन्हा वर आलं. आता कागदोपत्री ती मेसोस्फेरम सुआवेओलेन्स.

"निवृत्त झाले त्याच्या आधी जेमतेम नाव बदललं," ताई कुरकुरली. "जुन्या वह्या सगळ्या चुकीच्या ठरल्या." मग म्हणाली, "पण बघ, आडनाव बदलत गेलं, सुआवेओलेन्स कुणी काढलं नाही."

मी विचारलं, सुआवेओलेन्स म्हणजे?

"गोड वासाची."

मी हातातली फांदी नाकाशी नेली. मग तिच्याकडे बघितलं. ती हसत होती. आदल्या रात्रीचं राहिलेलं आता सांगायला लागली. हिंगाचं शास्त्रीय नाव फेरुला असा-फेटिडा. फेटिडा म्हणजे दुर्गंधी. तेही नाव लिनियसचंच, १७५३ सालचं. जुन्या औषधवाल्यांमध्ये चालत आलेल्या नावावर त्याने शिक्का मारला. म्हणजे आपल्या आमटीतला हिंग घाणेरडा, आणि जिच्यामुळे ढेकूण पळतात ती मधुरगंधा. हा माणूस ना कधी भारतात आला, ना अमेरिकेत गेला.

"त्याला वासाचं कळत नव्हतं असं मात्र समजू नकोस. १७५२ मध्ये त्याने औषधांच्या वासांवर एक प्रबंधच काढला होता. वासांचे सात वर्ग. मसाल्याचे, फुलांचे, कस्तुरीसारखे, लसणासारखे, बोकडासारखे, घाण आणि ओकारी आणणारे."

बोकडासारखे हा स्वतंत्र वर्ग आहे हे ऐकून मला बरं वाटलं. माझं नाक अगदीच निरक्षर नव्हतं.

बाकी वासाच्या बाबतीत आपणही काही कमी नाही. दरवळ, परिमळ, घमघमाट हे एका बाजूला, कुबट, खवट, आंबूस, वशाट, करपट, भपकारा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हा दर्प. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व. मराठीत तो नाकात जाणारा उग्र वास झाला. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतील का, कुणास ठाऊक, पण रस्त्याकडेला ज्या ताठ्याने ही उभी असते ते बघता दोन्ही लागू पडतात.

परतताना ओहोळाच्या काठी ओसाडी दिसली, निळसर फुलांची, गुडघाभर. हिचाही वास उग्रच. मराठीत घाणेरी ओसाडी म्हणतात, आणि इंग्रजीत बोकडाच्या नावाने ओळखतात. शास्त्रीय नाव एजेरॅटम, म्हणजे म्हातारपण नसलेली, कारण फुलांचा रंग बरेच दिवस विटत नाही. एकाने नाकाने नाव ठेवलं, दुसऱ्याने डोळ्याने.

घरी येऊन बूट काढले तर मोज्यांचा रंग दिसत नव्हता. दर्पतुळशीच्या फळाचा पेला म्हणजे दहा उभ्या शिरांचा छोटा गाडगा, आणि तोंडाशी सुईसारखे पाच दात. ते मोज्यात, पँटच्या दुमडीत, ताईच्या शालीत घट्ट बसले होते. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघं ओटीवर बसून ते वेचत होतो. "एकही टाकू नका अंगणात," ताईने बजावलं आणि सगळा चुरा बंबात गेला.

त्यातल्या दोन पेल्यांतल्या बिया तेवढ्या तिने काढून घेतल्या, चपट्या, काळपट. स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन त्यात टाकल्या. मिनिटभरात प्रत्येक बीभोवती धुरकट पांढरं कवच आलं, मग ते फुगलं, आणि बी बेडकाच्या अंड्यासारखी दिसायला लागली. थेट सब्जा! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत हिला चान म्हणतात आणि याच बिया पाण्यात भिजवून सरबत करून पितात. तिथे ती परसातली, विकत मिळणारी चीज आहे. आत्याने वाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "फालुद्यात घालाल हो तुम्ही. तुमचा नेम नाही." वाटी तिने स्वतःच्या हाताने मोरीत ओतली आणि राखेने घासली.

तिसरा दिवस : राजापूर – वेंगुर्ला

सकाळी गोठा बघितला. माळ्यावर खरंच काही नव्हतं, एक मोडकी खाट आणि उंदरांनी कुरतडलेलं गोणपाट. खाटेच्या सुंभात एक काडी अडकली होती. ओढून काढली, हुंगली. काही नाही, नुसती धूळ. आत्याने निघताना ताजी जुडी बांधून दिली, सुंभाने, तशीच जशी ती बांधायची. ताईने आधी कात्रीने सगळे तुरे कापून घेतले, नुसता पाला ठेवला. बी पुण्याला न्यायचं नाही म्हणून.

ती जुडी मी गाडीत पुढे, काचेखाली ठेवली. ही माझी चूक. कणकवली येईपर्यंत उन्हाने ती तापली आणि गाडीत जे काही झालं ते लिनियसने येऊन बघायला हवं होतं. डोळे चुरचुरायला लागले. ताई म्हणाली, यात सिनिओल असतं, निलगिरीच्या तेलात असतं तेच, शिवाय बाकी बरंच काही. मी म्हटलं, निलगिरी मला चालते, हे बाकीचं चालत नाही. जुडी डिकीत गेली. डोकं संध्याकाळपर्यंत धरलेलं होतं.

वेंगुर्ल्यात एका घरगुती खाणावळीत उतरलो. माडांच्या बागेत दोन खोल्या, मागे विहीर, विहिरीपलीकडे कोंबड्यांचं खुराडं. आणि खुराड्याच्या तळाशी अंथरलेला पाला बघून ताईने माझा दंड दाबला. तीच.

खाणावळीच्या काकींना विचारलं.

"ही? रानतुळस. कोंबयांच्या खुराड्यात घातलास की पिसू ऱ्हवणत नाय."

शेजारचे एक भाऊ गडग्यापलीकडे सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांना हे सहन झालं नाही. "ही खंयची रानतुळस! माज्या मांगरामागे आसा ती खरी रानतुळस."

"मगे ह्येका काय म्हणशात?" काकी.

"ह्येका? ह्येका घाण म्हणतत."

मग सगळी वरात त्यांच्या मांगरामागे, म्हणजे बागेतल्या खोपटामागे. तिथे खरंच एक झाड होतं, छातीएवढं, पानं मोठी, फिकट हिरवी, मंजिऱ्या लांब. चुरगाळलं तर लवंगेचा वास. काही ठिकाणी हिला रामतुळस म्हणतात. ताई म्हणाली, ओसिमम ग्रॅटिसिमम. भाऊ विजयी मुद्रेने काकींकडे बघत राहिले. काकी म्हणाल्या, आमच्या माहेरी हिला रामतुळस म्हणतात, रानतुळस नव्हे, आणि तिथे वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

मला या भांडणात फार मजा आली, पण ताई गंभीर होती. खोलीवर आल्यावर म्हणाली, "वर्गात मुलं विचारायची, लॅटिन नावं कशाला पाठ करायची? त्यांना इथे आणायला हवं होतं." रानतुळस हे नाव किमान तीन झाडांना लावलेलं तिने स्वतः ऐकलं आहे. काढ्यासाठी कुणी रानतुळस आण म्हटलं तर कोण काय आणील याचा भरवसा नाही. उलट एकट्या दर्पतुळशीला जंगली तुळस, विलायती तुळस, दर्पतुळस अशी नावं. इंग्रजीत ती कुठे पिगनट होते, कुठे बुशमिंट. फिलिपाईन्समध्ये टागालोग भाषेत सुओब-काबायो, म्हणजे घोड्याची धुरी. हे नाव मला फारच आवडलं. कुणीतरी कधीतरी पागेत ही जाळली असणार आणि धुरात घोडे फुरफुरले असणार, त्याशिवाय असं नाव सुचत नाही.

"आणि ग्रॅटिसिमम म्हणजे काय?" मी झोपता झोपता विचारलं.

"अत्यंत आवडणारी. लिनियसच. इथे त्याचं आणि भाऊंचं एकमत झालं."

रात्री जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. त्याच्या वासाबद्दल दोघांचं दुमत नव्हतं.

चौथा दिवस : वेंगुर्ला – शिरोडा – तेरेखोल – पणजी

शिरोड्याची मिठागरं उन्हात बघितली. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. रेडीला खाणीच्या लाल ढिगांवर दर्पतुळस अपेक्षेप्रमाणे हजर. आता ती मला लांबूनच ओळखू यायला लागली होती, वाळताना जो तपकिरी-जांभळट रंग येतो त्यावरून. तेरेखोलला फेरीबोटीत गाडी चढवली आणि खाडी ओलांडून केरीला उतरलो. बोटीवर शेजारी उभ्या असलेल्या गाडीतली छोटी मुलगी आमच्या उघड्या डिकीकडे नाक करून आईला म्हणाली, "मम्मा, व्हिक्स!" मी ताईला म्हटलं, आणखी एक नाव लिहून घे.

पणजीत हॉटेलच्या मुलाने सामान उचलताना जुडी हातात घेतली, हुंगली आणि दोन बोटांनी धरून मला परत दिली. "हे गाडीतच राहू दे, सर." राहिली.

संध्याकाळी चर्चसमोरच्या बागेत गेलो. या बागेला गार्सिया द ऑर्ताचं नाव आहे, आणि ताईचा गोव्याचा हट्ट त्याच्यासाठीच होता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि १५६८ मध्ये गोव्यातच वारला. मधल्या काळात मुंबई बेटही त्याच्याकडे पट्ट्याने होतं, हे मुंबईकरांना सहसा ठाऊक नसतं. १५६३ मध्ये त्याने इथल्या औषधी द्रव्यांवर एक पुस्तक गोव्यातच छापलं. लिनियसच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा प्रश्न विचारतो आणि ऑर्ता उत्तरं देतो. याला अरबीत काय म्हणतात, गुजराती काय म्हणतात, दख्खनी लोक काय म्हणतात, हे तो पुन्हा पुन्हा नोंदवतो. नाव नक्की झाल्याशिवाय औषधाचं बोलणं पुढे जात नाही.

हिंगावरही त्याचं प्रकरण आहे. त्याच्या लेखी हिंगासारखा वाईट वास दुसरा नाही. पण हिंग घालून केलेल्या भाज्यांचा वास तेवढा वाईट येत नाही, हेही तो तिथेच कबूल करतो. म्हणजे त्याने ताटापर्यंत जाऊन बघितलं होतं.

हे ऐकायला जितकं छान वाटतं तितकाच त्याचा शेवट वाईट आहे. तो ज्यू घराण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. आता त्याच्या नावाच्या बागेत पोरं झोपाळ्यावर बसण्यासाठी भांडत होती आणि बाकावर एक म्हातारा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. ताई कुंपणाच्या कडेकडेने फिरून आली. "एकही दर्पतुळस नाही. माळी चांगला दिसतोय."

पाचवा दिवस : पणजी – चोर्ला – कोल्हापूर – पुणे

सकाळी पाव आणि पातळभाजी. खाताखाता ताईने फोनवर एक जुनं पान दाखवलं. केरळातल्या वनस्पतींवरचा हॉर्टस मलाबारिकस नावाचा बारा खंडांचा ग्रंथ, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेला. कोचीच्या डच गव्हर्नरने, व्हान ऱ्हीडने, तो करवून घेतला. पानावर झाडाचं मोठं चित्र आणि कडेला त्याची नावं, रोमन, मल्याळी, अरबी आणि आपल्या देवनागरी लिपीत. देवनागरीतलं नाव कोकणीतलं. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी त्या कामात मदत केली. १६७५ साली त्यांनी कोकणीत लिहून दिलेली साक्षही ग्रंथात जशीच्या तशी छापली आहे. इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्याचीही आहे. लिनियसच्या टेबलावर हे खंड होते.

"म्हणजे वेंगुर्ल्याच्या भाऊंसारखी माणसं तेव्हाही होती," मी म्हटलं.

"आणि काकीही असणार. त्यांचं छापायचं राहिलं."

चोर्ला घाटात धुकं होतं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. ताईला कोल्हापुरात सोडलं. तिने रद्दीत दाबलेले तिचे नमुने नेले, जुडी माझ्याकडेच राहिली. रात्री अकराला घरी. बायकोने दार उघडून पहिला प्रश्न विचारला तो प्रवास कसा झाला हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी धुणाऱ्या पोराने बेल वाजवली. लातूरकडचा आहे, सोसायटीतल्या वीसेक गाड्या धुतो. हातात ती जुडी. आता मला वाटलं, तोही काहीतरी नाव सांगणार.

"सर, हे टाकायचंय का?"

टाकायचंच होतं. मी हो म्हटलं.

"मग मी नेऊ का? खोलीवर ढेकणं लई झालेत." जुडी पुन्हा एकदा हुंगून त्याने ती सायकलच्या कॅरिअरला लावली. "आमची आज्जी घालायची."

काय म्हणायची रे आज्जी हिला, असं विचारेपर्यंत तो फाटकाबाहेर गेला होता.